कोरडं वजन

डायलिसिस सेंटरमधल्या वजनकाट्याचं नाव अनुश्रीनं ‘लाटसाहेब’ ठेवलं होतं. का, तर म्हणे त्याच्यापुढं सगळे चपला काढून उभे राहतात आणि तो कुणाशी बोलत नाही, नुसती मान हलवतो. गोल तबकडीचा जुना काटा होता. दर मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा वर्षांची ही पोर त्याच्यावर दोनदा चढायची. मशीनला लागायच्या आधी एकदा, आणि चार तासांनी मशीन सुटलं की पुन्हा एकदा. पहिलं वजन खोटं. लघवी होत नाही म्हणून अंगात साचलेलं पाणी त्यात असायचं. दुसरं खरं. त्याला तिथल्या सिस्टर ‘ड्राय वेट’ म्हणत. अनुश्रीची आई शारदा म्हणे, कोरडं वजन.

एप्रिलमधल्या त्या शुक्रवारी कोरडं वजन सतरा किलो चारशे भरलं. मागच्या दिवाळीत मशीन सुरू झालं तेव्हा ते अठरा होतं.

डॉक्टरांनी फाईल मिटली. “शारदाजी, गुजरातेतल्या दवाखान्यानं कळवलंय. वीस किलोच्या खालच्या मुलाला ते हात लावत नाहीत. मोठ्या माणसाची किडनी बसवायला पोटात जागा लागते, ऑपरेशन सोसायला अंगावर मांस लागतं. दसऱ्याच्या सुमाराला त्यांच्याकडं नंबर आहे. तोवर वीस झालं तर मी चिठ्ठी देतो. आणि असंच उतरत राहिलं तर...”

“तर काय?” अनुश्रीनं विचारलं. ती काट्यावरून अजून उतरलेली नव्हती.

डॉक्टर चपापले. एवढ्याशा दिसणाऱ्या पोरीसमोर आपण काहीही बोलतो, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं. “तर चिठ्ठी नाही, बेटा.”

“मग होईल वीस,” ती म्हणाली, आणि चपला शोधू लागली.

शारदाची किडनी जुळली होती. सगळ्या तपासण्या होऊन कागद तयार होते. द्यायची वस्तू ओच्यात घेऊन ती दारात उभी होती आणि घेणारी मात्र दिवसेंदिवस लहान होत चालली होती. परतीच्या टेंपोत लेकीचं मनगट तिनं अंगठ्यात आणि बोटात धरून पाहिलं. बांगडीला जागा उरली असती.

इंदूरच्या नंदानगरातल्या त्यांच्या दोन खोल्यांत स्वयंपाकघर लक्ष्मीकांतचं होतं. सगळी आळी त्यावरून हसे, पण ते तसं होतं खरं. लक्ष्मीकांत चौदा वर्षं मिलच्या ब्लीच खात्यात होता. मागावरून उतरलेलं मळकट, पिवळं कापड त्याच्या खात्यात यायचं आणि दुधाच्या सायीसारखं होऊन बाहेर पडायचं. सोड्याचं उकळतं पाणी, मग साधं पाणी, मग पुन्हा पाणी. मिलचा भोंगा बंद पडून आता आठ वर्षं झाली होती. ए. बी. रोडवर नव्या गाड्यांच्या काचेच्या दुकानांची रांग लागली होती, आणि त्या दुकानांतल्या सेल्समन पोरांचे पांढरे शर्ट धुवायला अन्नपूर्णा रोडच्या एका लाँड्रीत लक्ष्मीकांत जात होता. “मिल गेली, पण माझं खातं चालू आहे,” तो म्हणायचा.

घरी ते खातं भाजीवर चालायचं. दवाखान्यातून आलेल्या कागदावर लिहिलं होतं, भाजी चिरून पाण्यात भिजवा, उकळा, पाणी फेका, म्हणजे भाजीतलं पोटॅशियम निघून जातं. कागदानं सांगितलं होतं एक पाणी. लक्ष्मीकांतनं केली तीन. दुधी तीन पाण्यांत, गवार तीन पाण्यांत, तांदळाचा भातसुद्धा वेळून पुन्हा धुतलेला. कपाटाच्या दाराला आतून तो कागद त्यानं प्लास्टिकमध्ये घालून चिकटवला होता, मिलमध्ये नोटिसा लावायचे तसा. डाळ बंद. दूध बंद. पनीर बंद. अंडं बंद. एकेका ओळीखाली त्याची लाल रेघ होती.

त्यामागं भीती होती, आणि ती खोटी नव्हती. मशीन सुरू व्हायच्या थोडं आधी त्याच्या मोठ्या बहिणीनं, इंदिराताईंनी, भाचीला ताकद यावी म्हणून मोठ्या मायेनं दोन शहाळी पाजली होती. शहाळ्यात पोटॅशियम ठासून भरलेलं असतं आणि किडनी थकली की ते रक्तात साचून काळजावर जातं, हे बिचाऱ्या ताईंना काय माहीत? संध्याकाळी पोरीचं काळीज असं अडखळायला लागलं, की दवाखान्यापर्यंत लक्ष्मीकांत तिच्या छातीवर तळहात ठेवून बसला होता. एक ठोका, मग काहीच नाही, मग एक ठोका. त्या दिवसापासून तो पाणी बदलत होता.

शारदाच्या आईला जात्यावरच्या ओव्या हातभर लांब यायच्या. शारदाच्या घरी जातं नव्हतं, पण ओवी अंगात मुरलेली होती. कुकरच्या शिट्ट्यांत, टेंपोच्या धक्क्यांत तिला ती आपोआप जुळायची. त्या दिवशी ताटात पांढरा भात आणि पांढरी भाजी वाढताना ती तोंडातल्या तोंडात म्हणाली,

तीन पाण्यांमधी धुतला भाजीपाला
लेकीच्या ओठांचा रंग कोणी नेला

“कुणी नेला?” अनुश्रीनं ताट सरकवत विचारलं. “मला नको हे. कागद खाल्ल्यासारखं लागतं.”

“खा गं राणी. दोन घास.”

“कागदच खायचा तर वहीचा खाते. त्यावर निदान काहीतरी लिहिलेलं असतं.”

पुढच्या शुक्रवारी सेंटरवर एक नवी मुलगी आली होती, वसुधा. आहार सांगणारी. नुकतीच शिकून आलेली, खांद्याला झोळी, बोलणं चटचट. प्रत्येक पलंगापाशी जाऊन ती एकच प्रश्न विचारत होती, “काल काय खाल्लं?” अनुश्रीपाशी आल्यावर तिनं डबा उघडायला लावला आणि सरळ बोटानं चाखून पाहिला.

“हे काय आहे?”

“दुधी,” शारदा म्हणाली.

“आणि हे दुसऱ्या कप्प्यातलं?”

“तेपण दुधी. नाही, थांबा, गवार असेल.” शारदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईला डब्यातली भाजी ओळखू येऊ नये.

“मीठ नाही ते ठीक आहे. पण ह्यात गवारसुद्धा नाहीये,” वसुधा म्हणाली. “डाळ?”

“बंद आहे ना.”

“अंडं? पनीर?”

“बंद. कागद आहे तसा.”

“कागद कधीचा?”

शारदानं आठवून सांगितलं. दोन वर्षांपूर्वीचा. मशीन लागायच्या खूप आधी, पहिल्या डॉक्टरांनी दिलेला.

वसुधा पलंगाच्या कडेवर बसली. “ताई, तो तेव्हासाठी बरोबर होता. किडनी थकलेली असते तेव्हा तिच्यावर भार नको म्हणून डाळ-अंडं कमी करतात. मशीन लागलं की गोष्ट उलटी होते. मशीनला बिचाऱ्याला काय कळतंय, वाईट कुठलं आणि चांगलं कुठलं? विष धुतं तसं ते जीवनसत्त्वंही धुऊन नेतं. अंगातलं प्रथिन नेतं. खाण्यातून जस्त मिळालं नाही, की जिभेची चवच जाते. चव गेली की मूल जेवत नाही, जेवलं नाही की आणखी खंगतं. मशीन लागल्यावर डाळ, अंडं वाढवायचं असतं. तुम्हाला कुणी हे सांगितलं नाही?”

कुणी नव्हतं सांगितलं. पहिल्याला वाटलं दुसरा सांगेल, दुसऱ्याला वाटलं पहिल्यानं सांगितलं असणार. मधे एक कागद प्लास्टिकच्या आत जपून राहिला होता.

“आणि टॉनिकची गोळी कधी देता?”

“सकाळी. मशीनला येण्याआधी. ताकद राहावी म्हणून.”

“तीही धुऊन जाते मग. मशीननंतर द्यायची.”

पलंगावर पडलेली अनुश्री सगळं ऐकत होती. तिच्या हातातून लाल नळी निघून मशीनमध्ये जात होती आणि दुसरी परत येत होती. “म्हणजे इथं मशीन मला धुतं आणि घरी बाबा धुतात,” ती म्हणाली. “मी काय चादर आहे?”

वसुधा हसली, पण शारदाला हसू आलं नाही. घरी जाईपर्यंत तिच्या दातांवर दात घट्ट बसलेले होते.

त्या संध्याकाळी तिनं मूगडाळीचं वरण केलं. डाळ एकदा भिजवली, ते पाणी टाकलं, आणि शिजवली. बस. वर तुपाची धार. लक्ष्मीकांत लाँड्रीतून आला आणि वासानं उंबऱ्यावरच थबकला.

“हे काय चाललंय?”

“स्वयंपाक.”

“शारदा, कागद...”

“कागद जुना आहे.” वसुधा जे बोलली ते तिनं शब्दाला शब्द सांगितलं.

त्यानं ऐकून घेतलं आणि मान हलवली. “कालची पोरगी. ती काय सांगते मला? ती होती का त्या दिवशी? पोरीच्या छातीवर हात माझा होता. तू पुढं बसली होतीस ड्रायव्हरजवळ.”

“मी पुढं बसले म्हणून माझी काही लागत नाही ती?”

“मी तसं म्हटलं नाही. पण ज्यानं त्रास झाला नाही ते मी का बदलू? सहा महिन्यांत एकदा तरी पोटॅशियम वाढलं का? सांग! एकदा तरी?”

“नाही वाढलं. पोरगीही नाही वाढली.”

पातेलं मात्र त्यानं उचललंच, आणि वरण बाजूला ठेवून तीन पाण्यांतला भात वाढला. अनुश्री दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिली आणि काहीही न खाता उठली. भिंतीपलीकडून शेजारच्या जयसिंगरावांनी खाकरून दाखवलं. ते मिलच्या कापूस गोदामात वजनं घ्यायचे. आता दुसऱ्यांच्या भांडणांची घेत.

शारदा त्या पातेल्यापाशी बसून राहिली. मनात म्हणाली, धुवा तुम्ही. किती धुता बघते. मी घालत राहीन.

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा वरण केलं. त्यानं पुन्हा बाजूला ठेवलं. तिसऱ्या दिवशी तिनं अंडं उकडून पांढरा भाग ताटात ठेवला. त्यानं उचलला. असा एक आठवडा गेला. दोघं एकमेकांशी फक्त “चावी कुठंय?” एवढंच बोलत होते.

रविवारी सकाळी ओसरीत बसून तो अनुश्रीच्या केसांना तेल लावत होता. ते काम पहिल्यापासून त्याचं. बोटं फिरवता फिरवता त्याच्या तळहातात केसांचा पुंजका आला. मग आणखी एक. शारदा दारातून पाहत होती. त्यानं एक केस निवडला, दोन्ही हातांच्या चिमटीत धरला आणि ताणला. हे सवयीनं झालं. खात्यातून निघालेल्या ताग्याचं सूत तो असंच ताणून बघायचा. चांगलं सूत तुटताना बोटाला झटका देतं, बारीक आवाज करतं. ब्लीच जास्त झालेलं सूत आवाजच करत नाही. नुसतं सुटतं. कापड पांढरंशुभ्र दिसतं आणि अंगठा लावला की आरपार जातो. असा तागा निघाला की खात्याचा मुकादम, जॉबर, ओरडायचा, मार डाला कपडे को!

केस सुटला. आवाज झाला नाही.

लक्ष्मीकांतनं दुसरा ताणला. मग तिसरा.

“बाबा, दुखतंय का बघताय की मोजताय?” अनुश्रीनं विचारलं.

तो उठला. तेलाच्या हातानंच कपाटाचं दार उघडलं आणि प्लास्टिकसकट तो कागद ओढून काढला. दाराच्या रंगाचा पोपडाही बरोबर निघाला. शारदाकडं न बघता तो म्हणाला, “मीच मारला कपडा.”

शारदाला वाटलं होतं, हा हरला की आपल्याला बरं वाटेल. वाटलं नाही. ती पुढं झाली आणि तिनं त्याच्या हातातला कागद घेऊन चुलीखाली ठेवला. “मेला नाहीये अजून,” ती म्हणाली. “डॉक्टर म्हणाले वीस. आपण वीस करू. बटाटा आणि भाज्या तुमच्या खात्यात, पण एक पाणी. दुसरं घातलंत तर बघा. डाळ-अंडं माझ्या खात्यात.”

“अंड्याचं पांढरंच द्यायचंय ना?”

“पांढरंच.”

“मग ते माझ्या खात्यात येतं,” लक्ष्मीकांत म्हणाला. आठ दिवसांत पहिल्यांदा तिघं हसली.

पुढच्या शुक्रवारी वसुधासमोर तो वहीच घेऊन बसला. शिकाऊ कामगारासारखा एकेक विचारत होता. केळं? नाही. संत्रं? नाही. पनीर? दोन चौकोनी तुकडे. पोहे? धुऊन, शेव न घालता.

“जिलबी?” अनुश्रीनं मधेच विचारलं. तिचं नशीब असं की इंदूरमध्ये जन्मून तिनं दोन वर्षं पोह्याबरोबर जिलबी खाल्ली नव्हती.

“जिलबी चालेल.”

“काय?” लक्ष्मीकांत उभाच राहिला.

“मैदा, साखर, तूप. तिला ताकद हवीय ना? जिलबीत पोटॅशियम फारसं नसतं. चालेल.”

“भिया!” इंदुरी लोक भावाला मारतात ती हाक देऊन अनुश्री मशीनच्या नळ्यांसकट टाळी वाजवायला गेली आणि सिस्टर ओरडली.

मे महिन्यात काटा हलला. सतरा सहाशे. लाटसाहेबापुढं उभी राहून अनुश्रीनं आईच्या चालीवर स्वतःची ओवी म्हटली,

काट्या रे काट्या, मान तुझी वाकडी
सोन्याच्या लेकीला म्हणतोस काकडी

शेजारच्या पलंगावरचे आजोबा ठसका लागेपर्यंत हसले. मग ते दर वेळी विचारू लागले, आज साहेबाला काय ऐकवलंस?

डॉक्टरांनी लिहून दिलेलं जस्ताचं औषध कडू होतं, पण तिला सुरुवातीला तेही कळलं नाही. जूनच्या शेवटी एकदा तिनं चमचा तोंडातून काढला आणि तोंड वेडंवाकडं केलं. “शी! हे इतकं घाण होतं?” शारदानं देवापुढं साखर ठेवली. लोक गोड लागलं की ठेवतात, तिनं कडू लागलं म्हणून ठेवली.

जुलैत अठरा दोनशे. आणि त्याच महिन्यात इंदिराताई अन्नपूर्णा रोडहून आल्या. शहाळ्याच्या गोष्टीनंतर त्या या घरात काही खायची वस्तू आणत नसत. त्या दिवशी त्यांनी सल्ला आणला.

“शारदा, तुझ्या भल्याचं सांगते. पोरीच्या जातीसाठी अवयव काढून द्यायचा म्हणजे... तुला काही झालं तर माझ्या भावाचं कोण करेल? मशीन चालू आहे ना? चालू दे. जितकी वर्षं देवानं दिली तितकी.”

शारदा अंडी फोडत होती. पिवळं एका वाटीत, पांढरं दुसऱ्या. “ताई, किडनी माझी आहे,” ती शांतपणे म्हणाली. “भाड्याची खोली नाही की कुणाला द्यायची ते चार जणांना विचारू.”

“मी आपली बोलले.”

“बोललात ते ऐकलं. आता हे पिवळं उरलंय, ते तुम्ही खा. आमलेट करते. पोरीला फक्त पांढरं चालतं.”

इंदिराताईंनी आमलेट खाल्लं. जाताना मात्र त्या अनुश्रीच्या डोक्यावर हात ठेवून जरा जास्तच वेळ उभ्या राहिल्या.

सगळं असं सरळ चढत गेलं असतं तर काय हवं होतं? ऑगस्टमध्ये ताप आला. दहा दिवसांत चारशे ग्रॅम गेले. लक्ष्मीकांत पुन्हा घाबरला. एकदा शारदानं त्याला मोरीपाशी पकडलं, वाटीभर डाळ चाळणीत घेऊन नळाखाली धरलेली.

“किती पाणी झालं?”

“दुसरंच,” तो चोरासारखा म्हणाला.

तिनं नळ बंद केला. डाळ त्याच्या हातातून घेतली आणि त्याचा ओला हात पदरानं पुसला.

सप्टेंबरात गेलेलं भरून निघालं, वर एकोणीस शंभर झालं. नवरात्रात नंदानगरच्या मराठी घरांत भोंडला असतो. पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची आणि शेवटी घरच्या बाईनं झाकून ठेवलेली खिरापत प्रश्न विचारून ओळखायची. आजारी पडण्याआधी अनुश्रीचा त्यात हात कुणी धरत नसे. झाकणाला नाक लावून ती सांगायची. मागच्या वर्षी तोंडात घालूनसुद्धा तिला ओळखू आली नव्हती, आणि ती मधूनच उठून घरी आली होती.

या वर्षी ती गेली. दंडावरची मशीनची पट्टी दिसू नये म्हणून शारदा तिला लांब बाहीचा फ्रॉक घालत होती. तिनं तो काढून फेकला आणि बिनबाहीचा घातला. “बघू दे ज्याला बघायचंय.”

तासाभरानं ती परत आली तेव्हा कपाळाला आठ्या होत्या.

“काय झालं? ओळखली नाहीस?”

“सगळ्यांच्या आधी ओळखली. शिरा होता. पण वेलदोडा घालायच्या ऐवजी जायफळ घातलेलं. किती जास्त! आणि तूप खवट होतं, आई. मी चिमूटभरच खाल्ला, तेवढ्यात कळलं. त्या काकूंना सांगू का?”

शारदा खाली बसली आणि तोंडाला पदर लावला. हसते आहे की रडते आहे हे तिचं तिलाच कळेना. लेकीला दुसऱ्याच्या घरचं खवट तूप कळलं होतं. याहून मोठं काय मागायचं?

दसऱ्यानंतरचा मंगळवार हा शेवटचा दिवस. चिठ्ठी गेली तर त्या दिवशी, नाहीतर नंबर दुसऱ्याला. मागच्या शुक्रवारी कोरडं वजन एकोणीस सातशे होतं. चार दिवसांत तीनशे ग्रॅम होत नाहीत, हे चौघांनाही माहीत होतं. चौघं, कारण त्या दिवशी जयसिंगरावही टेंपोत बसून आले होते. काखेत फडक्यात बांधलेला पितळी तांब्या होता.

मशीन सुटलं. सिस्टर काटा मोकळा करायला गेली. व्हरांड्यात बाकावर तिघं बसली आणि जयसिंगराव वाकून हळू आवाजात बोलू लागले.

“लक्ष्मीकांत, मी बावीस वर्षं गोदामात गाठी तोलल्या. व्यापारी काय करायचे, माहीत आहे ना? गाठीवर पाणी मारून आणायचे. दहा-दहा किलो वाढायचे, काट्याच्या बापाला कळायचं नाही. हे घरच्या मटक्याचं पाणी आहे. पोरीनं घटाघट पिऊन घेऊ दे आणि चढू दे काट्यावर. तीनशे ग्रॅमचा तर सवाल आहे. पुढच्या मशीनला निघून जाईल.”

लक्ष्मीकांतनं शारदाकडं पाहिलं. शारदानं फरशीकडं पाहिलं. तिला लाज वाटली, पण नको असं तिच्या तोंडून निघालं नाही. इतके महिने एकेक वाटी, एकेक चमचा, आणि आता तीनशे ग्रॅमसाठी दार बंद होणार? एक तांब्या. कुणाचं काय जातं?

जयसिंगरावांनी तांब्या अनुश्रीच्या हातात दिला.

वर्षभर ती दिवसाला तीन वाट्या पाण्यावर जगली होती. मशीननंतर तर घसा असा कोरडा पडतो की जीभ टाळ्याला चिकटते. तिनं तांब्या गालाला लावला. डोळे मिटले. पितळेवरचं थंड दव तिच्या गालावरून हनुवटीपर्यंत ओघळलं. शारदाला तिच्या गळ्यातली शीर हलताना दिसली.

मग तिनं डोळे उघडले.

“दोनशे तरी अंडी खाल्ली मी,” ती म्हणाली. “ते घाण औषध प्यायले. आणि नाव ह्या पाण्याचं होणार?”

“अगं पोरी, काट्याला काय कळतंय...”

“मला कळतंय ना!”

व्हरांड्याच्या कठड्यावर कोरफडीची एक धुळकट कुंडी होती. अनुश्री उठली, दोन्ही हातांनी तांब्या कलता केला आणि सगळं पाणी तिच्यात ओतलं. सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. माती चळचळ आवाज करत पीत राहिली. तांब्या जयसिंगरावांच्या हातात देऊन ती आत गेली आणि चपला काढून लाटसाहेबावर चढली.

एकोणीस आठशे.

डॉक्टरांनी पुढं वाकून तबकडी पाहिली. चष्मा काढला, पुसला, परत पाहिली. “दोनशे कमी.”

“ते कुंडीत आहेत,” अनुश्री म्हणाली.

डॉक्टरांना उमगेना. शारदानं सांगून टाकलं, काही न लपवता. कुणी आणलं, कुणी दिलं, आणि आपण गप्प बसलो तेही. दारात जयसिंगराव रिकाम्या तांब्याचं बूड निरखत होते. मग ती म्हणाली, “डॉक्टरसाहेब, वीस हवं असतं तर आत्ता झालं असतं. हे एकोणीस आठशे आहेत ते सगळे तिचे आहेत. एक थेंब उसना नाही.”

लक्ष्मीकांतनं अनुश्रीच्या वेणीतून सुटलेला एक लांब केस काढला, दोन चिमटींत धरून डॉक्टरांच्या कानाशी नेला आणि ताणला. केस ताणला गेला, थरथरला, आणि तुटताना बारीकसा टण् आवाज आला.

“सूत जिवंत आहे, साहेब,” तो म्हणाला.

डॉक्टरांनी त्या माणसाच्या रिकाम्या चिमटीकडं पाहिलं. मग वसुधानं केलेला वजनाचा तक्ता त्यांनी फाईलमधून काढला, एप्रिलपासूनच्या आकड्यांवरून बोट वर वर नेलं. खुर्ची ओढली. पेन उघडलं.

“मी खरा आकडा लिहिणार आहे,” ते म्हणाले. “एकोणीस आठशे, कोरडं. आणि कसं झालं तेही लिहितो. पण तिथं ते नाही म्हणू शकतात. आत्ताच सांगतोय.”

“म्हणू द्या,” शारदा म्हणाली. “आम्ही तिथं जाऊन ऐकू. तिच्या तोंडावर नाही म्हणायचं असेल तर म्हणू द्या त्यांना. बघू कसं म्हणतात.”

शाई वाळायच्या आत तिनं चिठ्ठी घेतली. लक्ष्मीकांतनं फाईल घेतली. जयसिंगराव रिक्षा बघायला पुढं गेले. जाता जाता कोरफडीच्या कुंडीकडं त्यांनी नजर टाकली, जणू तिचंही वजन घेतलं.

अनुश्री अजून काट्यावरच उभी होती. आतल्या पलंगावरून आजोबांनी विचारलं, “काय मग, आज साहेबाला काही ऐकवायचं नाही?”

तिनं खाली तबकडीकडं पाहिलं. कमरेवर हात ठेवले.

काट्या रे काट्या, वर बघ माझ्याकडे
कोरडी मी आले, पाणी राहिलं तिकडे

आणि मग उतरून, चपलांत पाय घालत, आईला म्हणाली, “चल. पोहे आणि जिलबी. त्या पोहेवाल्या भियाला आधीच सांग, शेव नको.”